हलणारे सूत



मागच्या अंकातला जुलाब आणि मीठ-साखरेच्या पाण्यावरचा पाठ काही ठिकाणी महिला मंडळात वाचून दाखवला गेला, असे कळले. या वेळचा पाठ मोठ्याने वाचताना थोडे अडखळायला होईल. विषय आहे मुलांच्या शौचाच्या जागी रात्री सुटणारी खाज आणि ती आणणारा बारीक पांढरा जंत. जेवायला बसण्याआधी वाचू नका, एवढेच सांगते. पण वाचा. कारण हा जंत मी ज्यांच्याकडे शोधायला गेले त्यांच्याकडे सापडलाच, आणि नंतर माझ्या स्वतःच्या घरात सापडला.

आमचे कबनूर इचलकरंजीला लागून आहे. यंत्रमागांचे गाव. दिवसरात्र मागांचा खडखडाट, आणि दिवाळीनंतर त्यात उसाच्या ट्रॅक्टरांची भर. कारखान्यांचे गाळप सुरू झाले की आसपासच्या शिवारात ऊसतोड मजुरांच्या खोपी उभ्या राहतात. मराठवाड्यातून येणारे पुष्कळ, पण आमच्या मंडळीची ज्या टोळीकडे ये-जा आहे ती धुळे-नंदुरबारकडची भिल्ल कुटुंबे आहेत. अकरा खोपी. बांबू, उसाचे पाचट आणि वर प्लास्टिकचा कागद. एका खोपीत नवराबायको, तीन-चार मुले, एखादीत म्हातारी सासू. सगळ्यांना मिळून दोन वाकळा. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे त्याचे काम आहे.

मी निवृत्त नर्स. रविवारी उपासना झाली की दुपारी आम्ही चौघी-पाचजणी तिकडे जातो. मुलांसाठी गाणी, एक गोष्ट, थोडा खाऊ. संडे स्कूलच्या पेटीतले रंगखडू, ठोकळे आणि चित्रांची पुस्तके आम्ही बरोबर नेतो. मी एका पोत्यावर औषधांची पिशवी उघडून बसते. कोयत्याच्या जखमा, खोकला, खरूज, ताप.

गेल्या जानेवारीत एक आई सगळ्या बायका जाईपर्यंत थांबून राहिली. तिची मुलगी सात वर्षांची. आई सांगू लागली, पोरगी रात्री झोपत नाही, रडते, मांड्या आवळून बसते, अंथरूण ओले करते. खालची जागा खाजवून खाजवून लाल झाली आहे. दोनदा मारलेही तिला. मग इकडेतिकडे बघून तिने अगदी हळू आवाजात विचारले, "बाई, हिला कोणी काही केलं तर नाही ना?"

आईबाप पहाटेच फडात जातात. मुलगी दिवसभर धाकट्या भावाला सांभाळत खोपीत. आईचा संशय शेजारच्या खोपीतल्या एका मोठ्या मुलावर होता. नवऱ्याला तिने अजून सांगितले नव्हते. सांगितले तर कोयता निघेल, म्हणाली.

मी मुलीला जवळ बसवून घेतले, आईसमोरच हळूहळू बोलते केले. तिने कोणाचे नाव घेतले नाही, भीतीही दिसली नाही. खाज रात्री सुटते, दिवसा नाही, एवढे तिने नेमके सांगितले. तेव्हा मी आईला म्हटले, "आज रात्री ती झोपल्यावर दोन-तीन तासांनी मोबाइलच्या उजेडात तिथे नीट बघ. पांढऱ्या सुताच्या तुकड्यासारखे काही दिसते का, आणि ते हलते का."

दुसऱ्या दिवशी मुकादमाच्या फोनवरून तिचा फोन आला. "सूत होतं बाई. हलत होतं."

इथे एक गोष्ट थांबून सांगायला हवी. लहान मुलीला खाली खाज, लाली, थोडे पांढरे जाणे आणि रात्री अंथरूण ओले होणे, हे सगळे या जंताने होऊ शकते. मादी जंत वाट चुकून मुलीच्या लघवीच्या आणि योनीच्या जागेकडे जातो. पण मूल काही सांगत असेल, घाबरत असेल, जखम किंवा रक्त असेल, तर जंत दिसला म्हणून तो विषय बंद करायचा नाही. तिला डॉक्टरकडे न्यायचे, आणि तिचे म्हणणे खरे धरून चालायचे. मी मुलीला आधी बोलू दिले ते याचसाठी.

आता माझी चूक. त्या बुधवारी मी गेले आणि मुलीला अल्बेंडाझोलची एक गोळी दिली. तिला एकटीला. आईला स्वच्छतेवर बरेच ऐकवले: नखे कशी वाढलीत, हात का धूत नाही, पोरे मातीत का लोळतात. आई खाली मान घालून ऐकत होती. मी समाधानाने घरी आले. चाळीस वर्षे नर्सिंग करून मला हे कळायला हवे होते की, मी दिलेले औषध अर्धेसुद्धा नव्हते.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात खाज परत आली. आई म्हणाली, "गोळी खोटी होती." आणि तिचा जुना संशय पुन्हा वर आला. गोळीने जात नाही, म्हणजे तो जंत नसेलच, दुसरेच काही असेल. त्या मोठ्या मुलाच्या आईशी तिने बोलणे टाकले होते. माझ्या अर्ध्या औषधामुळे एका निरपराध पोरावर बालंट येऊ घातले होते, हे लिहिताना आजही अंगावर काटा येतो.

त्याच आठवड्यात माझी सहा वर्षांची नात जेवताना खुर्चीवर सारखी चुळबुळ करू लागली. सून म्हणाली, मुंग्या चावल्या असतील. आमचे स्लॅबचे घर, फरशी, नळाचे पाणी, दोन बाथरूम. रात्री अकरा वाजता मी टॉर्च घेऊन पाहिले. मागवाल्यांच्या गावात कपड्यांना, चादरीला सुताचे तुकडे चिकटलेले असायचेच. पण सुताचा तुकडा हलत नाही. हे तीन हलत होते.

माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: खोपीवरून आला. दुसरा विचार: शेजाऱ्यांना कळता कामा नये. सुनेला मी तसे सांगितलेही. दोन्ही विचारांची आज लाज वाटते. नात तर त्या खोपींकडे एकदाही गेली नव्हती. मग संडे स्कूलच्या आयांना एकेकीला बाजूला घेऊन विचारले. बहुतेकींनी आधी नाही म्हटले आणि थोड्या वेळाने हो म्हटले. पाच मुलांना खाज होती, त्यांतल्या दोघांना दिवाळीच्या आधीपासून, म्हणजे टोळी आमच्या शिवारात येण्याच्याही आधी. आणि त्याच मुलांच्या हातांतले रंगखडू आणि ठोकळे आम्ही दर रविवारी पेटीत भरून खोपींवर नेत होतो. जंत कोणत्या दिशेने गेला हे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण ज्या आईला मी स्वच्छता शिकवली तिच्याकडे तो आम्हीच पोचवला असेल, हे अगदी शक्य आहे.

आता पाठ.

पोटातले जंत म्हटले की आपण सगळे एकाच माळेत ओवतो. तसे नाही. मोठा गोल जंत आणि आकडीकृमी यांची अंडी विष्ठेतून मातीत जातात, तिथे काही दिवस पक्व होतात, आणि मग माती लागलेल्या हातातून, भाजीतून किंवा अनवाणी पायाच्या कातडीतून माणसात येतात. म्हणून त्यांच्यासाठी संडास, चप्पल आणि भाजी धुणे हा उपाय. आपला हा सुतासारखा जंत मात्र मातीच्या वाटेला जातच नाही. कोणी त्याला सूतकृमी म्हणतात, डॉक्टर पिनवर्म म्हणतात. तो माणसाच्या हातावरून माणसाच्या तोंडात जातो. कुत्र्या-मांजराकडून येत नाही. माणूस हेच त्याचे घर. त्यामुळे जिथे मुले एकत्र निजतात, खेळतात, जेवतात तिथे तो असतो, मग ते पाचटाचे खोपट असो की संगमरवरी फरशीचा बंगला. अमेरिकेसारख्या देशातही सर्वांत जास्त आढळणारा पोटातला जंत हाच आहे. तिथल्या युटा प्रांतातल्या गुहांमध्ये हजारो वर्षांपूर्वीची वाळलेली मानवी विष्ठा सापडली, तिच्यातही याची अंडी निघाली. त्या वेळी ना साबण होता ना शाळा. इतका जुना सोबती आहे हा, तेव्हा तो आपल्या घरी आला म्हणून तोंड लपवायचे कारण नाही.

त्याची रीत समजली की औषध आपोआप समजते. म्हणून इथे जरा सावकाश वाचा.

जंत मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात राहतात. नर अगदी छोटा, मादी साधारण एक सेंटीमीटर. मादी अंड्यांनी भरली की ती आतड्यात अंडी घालत नाही. माणूस झोपला की ती गुदद्वारातून बाहेर येते आणि भोवतालच्या कातडीवर अंडी चिकटवते, एकेक मादी दहा हजारांच्या आसपास. तिच्या वळवळण्याने आणि अंड्यांच्या चिकट द्रवाने खाज सुटते. झोपेतच मूल खाजवते. अंडी नखांत जातात. चार ते सहा तासांत ती दुसऱ्याला लागण करण्याजोगी होतात, म्हणजे रात्री घातलेली अंडी सकाळच्या चहा-चपातीला तयार. तेच बोट तोंडात गेले की त्याच मुलाला पुन्हा लागण. त्याच हाताने धाकट्याला भरवले की धाकट्याला. चादर झटकली की अंडी हवेत उडून उशीवर, ताटावर बसतात. डोळ्यांना ती दिसत नाहीत. आणि चादर, कपडे, खेळणी यांवर ती दोन ते तीन आठवडे जिवंत राहू शकतात.

गिळलेल्या अंड्यातून जंत बाहेर पडून, वाढून, मादी पुन्हा अंडी घालण्याजोगी व्हायला साधारण एक महिना लागतो. हा महिना लक्षात ठेवा.

गोळी जंत मारते. अंडी मारत नाही. त्या मुलीला मी गोळी दिली त्या दिवशी तिच्या पोटातले जंत मेले असणार, गोळी खोटी नव्हती. पण वाकळेवर, नखांत, भावाच्या अंगावर अंडी तशीच होती. ती तिने पुन्हा गिळली, आणि महिनाभराने खाज हजर. म्हणून दुसरी गोळी बरोबर दोन आठवड्यांनी द्यायची: पहिल्या गोळीनंतर पोटात गेलेली अंडी तोवर फुटून जंत झालेली असतात, पण अंडी घालण्याइतकी मोठी झालेली नसतात. त्या मधल्या काळात त्यांना गाठायचे. आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यायची, खाज असो वा नसो, कारण मोठ्या माणसांना पुष्कळदा काही जाणवत नाही आणि तेच पुन्हा पुन्हा लागण देत राहतात. आजी सुटली तर सगळे सुटले. नातवाला भरवते तीच ना.

ओळखायचे कसे? रात्री टॉर्चने पाहणे हा सर्वांत सोपा मार्ग, झोपल्यानंतर दोन-तीन तासांनी. नाही दिसला तर चिकटपट्टीची तपासणी. १९४१ साली ग्रॅहम नावाच्या संशोधकाने ही युक्ती प्रसिद्ध केली आणि अजून तिच्याहून सोपी कोणी काढलेली नाही. सकाळी उठल्याबरोबर, शौचाला किंवा आंघोळीला जाण्याआधी, पारदर्शक चिकटपट्टीची चिकट बाजू गुदद्वाराभोवतीच्या कातडीवर दाबायची, मग ती काचपट्टीवर चिकटवून प्रयोगशाळेत द्यायची. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली अंडी दिसतात, एका बाजूला चपटी. एक दिवस पुरत नाही, ओळीने तीन सकाळी करावी. विष्ठेची तपासणी मात्र इथे फारशी कामाची नाही, कारण अंडी विष्ठेत क्वचितच येतात. रिपोर्ट निर्मळ आला म्हणून किती आया निश्चिंत होतात, आणि मूल रात्रभर खाजवतच असते.

औषध स्वस्त आहे आणि सरकारी दवाखान्यात मिळते. अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, दोन वर्षांवरील मुलांना आणि मोठ्यांना सारखेच. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी गोळी, चुरून पाण्यातून. लहान मुलांना अख्खी गोळी गिळायला कधीही देऊ नका, घशात अडकते. चावून खायला लावा किंवा चुरून द्या. मेबेंडाझोल १०० मिलिग्रॅम आणि पायरँटेल हीसुद्धा चांगली औषधे आहेत, पायरँटेल वजनाप्रमाणे देतात. कोणतेही घेतले तरी दोन आठवड्यांनी पुन्हा. क्वचित पोटात दुखते, मळमळते, तेवढेच. पण काही जणांना डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळी नाही: एक वर्षाच्या आतले बाळ, गर्भवती स्त्री, विशेषतः पहिले तीन महिने, आणि ज्याला फिट येतात असा माणूस. शेवटचे पुष्कळांना माहीत नसते. फिट डोक्यातल्या दुसऱ्याच एका कृमीच्या गाठीमुळे येत असतील तर या गोळीने त्या वाढू शकतात.

सरकारचा राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून होतो, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास. एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत आणि शाळेत अल्बेंडाझोल मिळते. शाळेत नाव नसलेल्या मुलांनाही अंगणवाडीत मिळते, हे आमच्या टोळीत कोणालाच ठाऊक नव्हते. मलाही त्यांना सांगायचे सुचले नव्हते, आणि फेब्रुवारी तर ऐन हंगामाचा. ती गोळी जरूर घ्यावी. मातीतल्या जंतांमुळे होणारा रक्तक्षय तिने कमी होतो. पण ती मुलांना मिळते, घरातल्या मोठ्यांना नाही, आणि एकदाच मिळते. सुतासारख्या जंतासाठी वरचा हिशेब वेगळा करावा लागतो.

घरगुती समजुतींवर थोडे. गोड खाल्ल्याने जंत होत नाहीत. गूळ-साखर बंद करून मूल फक्त चिडचिडे होते. झोपेत दात खाणे ही जंताची खूण नव्हे. जंत नसलेली मुलेही दात खातात. वावडिंग आणि ओवा आपल्या आज्या देत आल्या, द्यायला हरकत नाही, पण त्यांच्या भरवशावर गोळी टाळू नका. आणि त्या जागी रॉकेल किंवा लसणाचा रस कधीही लावू नका. खाजवून सोललेल्या कातडीवर ते लावलेले एक मूल मी पाहिले आहे, त्याचे रडणे विसरता येत नाही.

आता खोपींवर काय केले ते सांगते. फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी आम्ही गेलो. दिवस मुकादमाला विचारून ठरवला होता, कारण टोळीत सगळे एका वेळी असतात ती वेळ फक्त दिवेलागणीची. आमच्या मंडळीतले डॉक्टर बरोबर होते. जमलेल्या बायकांपुढे मी आधी एवढेच म्हटले, "हा जंत माझ्या नातीला झालाय. आमच्या घरात सगळ्यांनी आज गोळी घेतली. मीसुद्धा." आणि तोंड उघडून चघळलेल्या गोळीचा पांढरा चुरा दाखवला. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एकजण म्हणाली, माझ्या दोघांना आहे. मग दुसरी. ज्या मुलावर संशय होता त्याची आई म्हणाली, त्यालाही आहे, लाजून सांगत नाही. त्या मुलीच्या आईने तिच्याकडे एकदा पाहिले आणि मान फिरवली, पण थोड्या वेळाने दोघी एकाच पोत्यावर बसलेल्या मला दिसल्या.

नंतर काम सोपे झाले. दोन गर्भवती बायकांना डॉक्टरांनी बाजूला ठेवले, बाकी सगळ्यांनी आमच्यासमोर गोळी चावली. पुरुषांची थोडी थट्टा झाली. मुकादमाला शेवटी दिली.

पुस्तकातली स्वच्छता खोपीत तशीच्या तशी चालत नाही. चादरी गरम पाण्यात धुवा, असे लिहिलेले असते. तिथे चादर नाही आणि जळण स्वयंपाकापुरते. म्हणून जे होण्यासारखे आहे तेच सांगितले. वाकळ खोपीत झटकायची नाही, बाहेर कडक उन्हात दिवसभर टाकायची; ऊन या अंड्यांना सोसत नाही. मुलाला उठल्याबरोबर कमरेखाली साबणाने धुवायचे, संध्याकाळी नाही, सकाळीच, कारण अंडी रात्रीची असतात. फडात जाण्याच्या घाईत हे अवघड आहे, आया म्हणाल्या, पण एक तांब्या पाणी लागते, तेवढे करतो. रात्री घट्ट चड्डी घालायची, म्हणजे बोट थेट कातडीला लागत नाही, आणि सकाळी ती बदलायची. इथे एक आई हसली. बदलायला दुसरी हवी ना, म्हणाली.

ते ऐकून आम्ही पुढच्या फेरीला प्रत्येक मुलाला दोन-दोन चड्ड्या, प्रत्येक खोपीला एक नेलकटर आणि साबण नेला. नखे तोवर ब्लेडने काढत होते, म्हणजे महिन्यातून एकदा. तुम्ही पाठवलेल्या देणगीतून गेल्या हंगामात सर्वांत उपयोगी काय आले असेल तर ते हे अकरा नेलकटर, असे माझे मत आहे. संडे स्कूलची पेटीही रिकामी केली. ठोकळे साबणाच्या पाण्यात धुतले, चित्रांची पुस्तके आठवडाभर गच्चीवर उन्हात ठेवली. आमच्या एका वडिलांनी गमतीने मार्कच्या सातव्या अध्यायाची आठवण करून दिली, न धुतलेल्या हातांनी जेवल्याने माणूस विटाळत नाही म्हणून. मी म्हटले, तो वाद विटाळाचा होता, जंताचा नव्हता. आणि संडे स्कूलच्या खाऊआधी आता सगळ्यांचे हात साबणाने धुतले जातात, त्यांचेही.

दुसरी गोळी चौदाव्या दिवशी, मार्चच्या मध्यावर. तोवर दोन कोयते, म्हणजे दोन जोडपी, दुसऱ्या फडावर हलली होती. त्यातल्या एका कुटुंबाला मुकादमाच्या फोनवरून शोधून गोळ्या पोचवल्या. दुसरे सापडले नाही. त्यांची चार मुले होती. हंगामी माणसांच्या आजारात दुसरी गोळी नेहमी अशीच चुकते, म्हणून पुढच्या वेळी पहिल्या दिवशीच दुसरी गोळी पुडीत बांधून, वर तारीख म्हणून चंद्राची खूण काढून हातात द्यायची असे ठरवले आहे. त्यांना लिहिलेले वाचता येत नाही, चंद्र येतो.

त्या मुलीची खाज गेली. अंथरूण ओले होणेही थांबले. आमच्याकडे नातीला तिसरी गोळी लागली, कारण माझ्या मुलाने दुसरी गोळी घ्यायची टाळाटाळ केली होती. मोठ्या माणसांचे असेच असते. मग पुन्हा सगळ्यांनी, पुन्हा दोन वेळा.

मार्चअखेर गाळप बंद झाले आणि टोळी परत निघाली. ट्रकमध्ये भांडी, वाकळा, कोंबड्या, वर मुले. ती आई खाली उतरून माझ्याकडे आली. मला वाटले पोरीचे काही सांगायचे असेल. तिने विचारले, "बाई, तुमच्या नातीचं गेलं का?"

अजून नाही, म्हटले. तेव्हा ती म्हणाली, "मग घरात कुणीतरी गोळी खाल्ली नसंल."

पुढच्या अंकात खरूज. त्या मलमाचेही असेच आहे, ते एकट्याने लावून चालत नाही.